लाजरा तारा आणि झटक्याचं कुंपण

एका जंगलात, डोंगरांच्या मधल्या खोलगट दरीत, एक भली मोठी तबकडी होती. एवढी मोठी, की तिच्यात पाणी भरलं असतं तर हत्तीच्या पिल्लाला पोहायला शिकवता आलं असतं. पण ती पाण्यासाठी नव्हती. ती आकाश ऐकण्यासाठी होती.

हसू नका. मोठी माणसं बोलत असताना हसायचं नसतं.

त्याचं असं आहे बाळांनो, काही तारे नुसते चमकत नाहीत, ते लहरी सोडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि कानांना ऐकू येत नाहीत. तबकडी त्या गोळा करते आणि एका पेटीत घालते. पेटीला कर्णा जोडलेला असतो. मग कर्ण्यातून टक्, टक् असं ऐकू येतं. हे भर दुपारीही चालतं, कारण लहरींना उन्हाचं काही वाटत नाही.

फक्त एक अडचण असते. मोबाइल, मोटारसायकल, ठिणगी उडवणारी एखादी तार, ह्यांच्यातूनही तशाच लहरी निघतात. पेटी बिचारी भोळी. आकाशातलं काय आणि शेजारच्या घरातलं काय, तिला दोन्ही सारखंच. आणि ताऱ्याचा आवाज असतो इतका बारीक, की लग्नाच्या बँडपुढे मुंगी शिंकावी.

म्हणून त्या दरीत फारसं कुणी राहत नसे. राहत होती ती मंदाकिनी नावाची सशीण आणि तिचे गुरुजी. तिला सगळे मंदाताई म्हणत. पेटी, कर्णा आणि तबकडीची चाकं, सगळं मंदाताईच सांभाळायच्या. गुरुजी म्हणजे एक म्हातारं कासव. ते आता ओढ्याकाठच्या खडकावर ऊन खात बसायचे.

गुरुजींनी तरुणपणी एक तारा शोधला होता. कासवाचं तरुणपण म्हणजे तुमच्या पणजोबांच्याही आधीची गोष्ट. हा तारा फार हळू आवाजात बोलायचा. एकदा टक् केलं की बराच वेळ गप्प. मग पुन्हा टक्. म्हणून गुरुजींनी त्याचं नाव लाजरा ठेवलं.

पण लाजरा गिरक्या घेता घेता तोंड फिरवत चालला होता. हा हंगाम संपला की त्याची पाठ आपल्याकडे होणार होती. पुन्हा तो इकडे वळेल तेव्हा ऐकायला मंदाताई नसणार, आणि कासव असूनही गुरुजी नसणार.

"जाण्याआधी एकदा ऐकायचाय गं," गुरुजी म्हणायचे. कोण जाण्याआधी, ते मात्र सांगत नसत.

"नीट लागला की बोलावते तुम्हाला," मंदाताई म्हणायच्या. त्यांना त्या वर्षी दुसरं काही नको होतं.

आता ह्यात महाराज कुठून आले, असं तुम्ही विचाराल. महाराज सगळीकडेच येतात.

ही तबकडी सिंह महाराजांच्या आजोबांनी बसवली होती. शेजारच्या जंगलात धबधबा होता, आपल्याकडेही पाहुण्यांना दाखवायला काहीतरी असावं, एवढाच त्यांचा हेतू. पुढे घराणं तिला विसरून गेलं आणि तबकडीचं बरं चाललं. नेमकं त्याच वर्षी महाराजांना तिची आठवण झाली. ते पाहायला आले, दरीत उभे राहिले आणि डोळे मिटून म्हणाले, "किती शांत आहे हो इथे! जिवाला बरं वाटलं. आम्ही इथेच राहायला येतो."

राजा बोले, दल हाले. आठवड्याच्या आत सगळा लवाजमा दरीत शांतता अनुभवायला हजर झाला.

महाराजांसाठी विश्रामगुहा झाली. गुहेपुढे गुलाबांची बाग झाली. सिंह काही गुलाब खात नाही, पण दुसऱ्याने खाल्लेलेही त्याला चालत नाहीत. म्हणून बागेभोवती तार ओढली आणि तिला झटका मशीन जोडलं. हे मशीन थोड्या थोड्या वेळाने तारेत विजेचा ठोका सोडतं. तारेला शिवलं की झटका. हरणांनी एकेकदा शिवून पाहिलं आणि गुलाबांचा नाद सोडला.

मंदाताई प्रधानांकडे गेल्या. प्रधान होते तरसोजीराव, जातीने तरस, स्वभावाने अत्यंत गोड.

"प्रधानजी, एवढी यंत्रं इथे आली तर आम्हाला तारे ऐकू येणार नाहीत. इथे शांतता लागते."

"अहो, शांततेसाठीच तर महाराज इथे आलेत!" तरसोजीराव म्हणाले. "तुम्ही काळजी सोडा. उद्याच शांतता रक्षण समिती नेमतो."

समितीच्या अध्यक्ष झाल्या टिटवीबाई. आवाज ओळखायचा तर ज्याला आवाजाचा अनुभव आहे असाच अध्यक्ष हवा, असा विचार त्यामागे होता. टिटवीबाईंनी आपल्या भाच्या-पुतण्यांना दरीभर उभं केलं आणि प्रत्येकाच्या गळ्यात एकेक वॉकीटॉकी अडकवला.

दुसऱ्या दिवशी मंदाताईंनी पेटी सुरू केली. कर्णा बोलू लागला.

"ओढ्यापाशी शांतता आहे, ओव्हर!"

"टेकडीवरही शांतता आहे, ओव्हर!"

"जरा मोठ्याने बोल, शांतता आहे का नाही ते नीट कळत नाहीये, ओव्हर!"

रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हे. मंदाताईंनी हातापाया पडून वॉकीटॉकी बंद करवले आणि समितीला शिट्ट्या घेऊन दिल्या. शिट्टीचं पेटीला काही वाटत नाही. टिटवीबाईंना शिट्टी इतकी आवडली की त्यांनी ती झोपतानाही काढली नाही.

मग एका सकाळी कर्ण्यातून स्पष्ट आवाज आला. टक्. टक्. टक्. टक्.

मंदाताईंचे डोळे लकाकले. क्षणभरच हं. दुसऱ्याच क्षणी त्यांचे कान खाली आले. लाजरा असा घाईत बोलत नसे, आणि इतक्या ठणठणीत आवाजात तर त्याच्या सात पिढ्या बोलल्या नसत्या.

पण दारात टिटवीबाई उभ्या होत्या, आणि त्यांनीही ऐकलं होतं.

"आकाश बोललं!" त्या ओरडल्या. "आकाश बोललं!"

दुपारपर्यंत दरबार तबकडीखाली जमला. महाराज पुढे, तरसोजीराव त्यांच्या उजवीकडे, बाकीचे जागा मिळेल तिथे. कर्णा टक् टक् करत होता आणि सगळे माना डोलावत होते.

"महाराज, माफी असावी," मंदाताई म्हणाल्या. "हा ताऱ्याचा आवाज नाही. हा इथलाच कुठला तरी आहे."

"इथला कसा?" महाराजांनी विचारलं. "कर्णा तर आकाशाकडे तोंड केलेल्या तबकडीचा आहे ना?"

"दाखवते. आमच्या धंद्यात ह्याची एक साधी परीक्षा असते. तबकडी ताऱ्यापासून दूर फिरवायची. आवाज ताऱ्याचा असेल तर बंद होतो. बंद झाला नाही तर तो ताऱ्याचा नाही."

महाराजांनी मान हलवली. परीक्षा म्हटल्यावर दरबारी मंडळी थोडी मागे सरकली.

मंदाताईंनी चाक फिरवलं. तबकडी कुरकुरत पूर्वेकडे वळली. टक्. टक्. टक्. पश्चिमेकडे वळली. टक्. टक्. टक्.

"पाहिलंत?" मंदाताई म्हणाल्या. "कुठेही फिरवा, आवाज येतोच."

तरसोजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"महाराज," ते म्हणाले, "पूर्वेला तोच, पश्चिमेला तोच! एका ताऱ्याचा असता तर एकाच दिशेला आला असता. हा तर चराचरात भरून राहिलेला आवाज आहे!"

दरबाराने हात जोडले. मंदाताईंनी मात्र धीर सोडला नाही. अजून एक गोष्ट दाखवली की ह्यांना कळेल, असं त्यांना वाटलं. शिकलेल्यांना असं नेहमी वाटतं.

त्यांनी तबकडी पार खाली वाकवली आणि तिचं तोंड महाराजांच्या विश्रामगुहेकडे केलं. कर्णा असा कडाडला की दोन माकडं झाडावरून पडली.

"आवाज इथून येतोय, महाराज! तुमच्या गुहेकडून!"

महाराजांनी आपल्या गुहेकडे पाहिलं. मग आकाशाकडे पाहिलं. मग पुन्हा गुहेकडे पाहिलं.

"आम्हाला तशी शंका होतीच," ते नम्रपणे म्हणाले.

त्या दिवसापासून तो आवाज राज्याचा अधिकृत आवाज झाला. दरीभर कर्णे लावले. प्राणी लांबलांबून ऐकायला येऊ लागले. ऐकून त्यांची पोटदुखी थांबते, असंही कुणी म्हणालं.

इकडे हंगाम संपत आला होता.

"लागला का गं?" गुरुजी खडकावरून विचारायचे.

"नाही गुरुजी. महाराज मध्ये येताहेत."

मंदाताईंनी शोध घेतला. त्या कुंपणाच्या कडेकडेने सरपटत गेल्या आणि मागच्या कोपऱ्यात त्यांना कारण सापडलं. गवताचं एक पातं वाढून तारेला टेकलं होतं. मशीनचा ठोका आला की पात्यापाशी निळी ठिणगी उडायची. टक्. पुन्हा ठोका, पुन्हा ठिणगी. टक्. चराचरात भरून राहिलेला आवाज तो हाच.

त्या पुन्हा तरसोजीरावांकडे गेल्या. "मशीन बंद करू नका. तेवढं एक पातं काढू द्या."

"राजाच्या बागेतलं गवत?" तरसोजीराव दचकले. "मंदाताई, आज पातं म्हणाल, उद्या गुलाब म्हणाल."

मंदाताई परत आल्या. त्या आयुष्यात कधी कुणाच्या आज्ञेबाहेर गेल्या नव्हत्या. पण लाजरा चालला होता. त्यांना रडू आलं, आणि रडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण सशीण आहोत. गवत खायला सशाला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या कोपऱ्यात गेल्या, डोळे मिटले आणि पातं तोडून खाल्लं. झटका असा बसला की मिशा ताठ झाल्या आणि उरलेला जन्म ताठच राहिल्या. पण तार सुटी झाली.

धडपडत त्या पेटीपाशी आल्या आणि तबकडी लाजऱ्याकडे लावली. दरीभरचे कर्णे मुके झाले होते. मंदाताईंनी श्वास रोखून कान लावला.

टक्...

मग बराच वेळ काहीच नाही.

टक्...

तोच तो. बारीक, दमलेला, जेमतेम ऐकू येणारा. मंदाताई तिथेच बसून ऐकत राहिल्या असत्या तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. पण त्या उठल्या आणि ओढ्याकडे पळत सुटल्या.

"गुरुजी! लागला! चला!"

गुरुजींनी पाय बाहेर काढले. आयुष्यात पहिल्यांदाच ते घाईने निघाले. कासवाची घाई तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना उचलावं तर ते दगडासारखे जड, ढकलावं तर चढ. मंदाताई दोन उड्या पुढे जायच्या, थांबायच्या, मागे यायच्या.

तोवर दरीत हाहाकार उडाला होता. आकाशाने बोलणं सोडलं होतं! महाराजांनी जेवण सोडलं. तरसोजीरावांनी सगळीकडे माणसं, म्हणजे प्राणी, पिटाळले. एका उंदराने कुंपणापाशी तुटलेलं देठ पाहिलं. तरसोजीराव हुशार होते. काल इथे पातं होतं तेव्हा आवाज होता, आज पातं नाही तर आवाज नाही, हे त्यांनी लगेच ओळखलं. शास्त्र म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं? त्यांनी ओल्या गवताची चांगली जाड पेंढी आणवली आणि तारेला बांधून टाकली.

शिवाय पेटीलाही हुकूम दिला. मोठा आवाज तेवढा ठेवायचा. मागे काही बारीक कुरकुर येत असेल तर ती व्यत्यय समजून गाळून टाकायची.

गुरुजी धापा टाकत कर्ण्यापाशी पोचले तेव्हा तो दणादणा वाजत होता.

"या गुरुजी!" तरसोजीराव म्हणाले. "तुमच्याच पुण्याईने आज हे ऐकायला मिळतंय. कसं वाटतं?"

गुरुजींनी मान लांब करून ऐकलं.

"हे कुंपण आहे," ते म्हणाले.

दरबार मायेने हसला. वय झालं की कान जातात, असं महाराज हळूच म्हणाले आणि त्यांनी गुरुजींना शाल दिली. मग सगळे जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं तसे मंदाताईंचे डोळे भरून आले. हंगाम संपला होता. लाजऱ्याने पाठ फिरवली होती.

"तू ऐकलास ना?" गुरुजींनी विचारलं.

"ऐकला."

"कसा होता गं?"

मंदाताई गुरुजींच्या शेजारी बसल्या आणि आपल्या पंजाने त्यांच्या पाठीच्या ढालीवर अगदी हलकेच वाजवलं. टक्. मग बराच वेळ थांबल्या. टक्.

गुरुजींनी डोळे मिटले. "हां," ते म्हणाले. "हाच."

तेवढ्यात मागून जोरात शिट्टी वाजली. टिटवीबाई धावत आल्या होत्या. शांतता क्षेत्रात आवाज केल्याबद्दल मंदाताईंना समज देण्यात आली.

तात्पर्य: आकाशाचं ऐकायचं असेल तर आधी आपलं कुंपण तपासावं, असं तुम्हाला वाटलं असेल. बाळांनो, असं काही करू नका. कुंपणाला गवत बांधा, आकाश तुमच्या मनासारखं बोलू लागेल. आणि खरा तारा ऐकू आलाच, तर तो समिती जेवायला गेलेली असतानाच वाजवावा.