पिंजऱ्याचं गणित

येळवशीला पोराला घरी थांबवून घ्यायचं, असं जगदेवीअक्कांनी ठरवलं, आणि अक्कांनी ठरवलेलं मोडायची जनवाड्यात कुणाची टाप नव्हती. नवऱ्याची, म्हणजे अमृतप्पांची, तर नव्हतीच.

पोरगा बसवप्रभु हैदराबादला रसायनशास्त्रात पीएचडी करत होता. गेल्यापासून त्यानं एकही येळवस घरी केली नव्हती. त्या अमावास्येला सगळं गाव शेतात जायचं, कडब्यानं उभारलेल्या कोपीत पूजा व्हायची, भाज्या-डाळींची भज्जी आणि आंबील यांच्या पंगती बसायच्या, आणि अक्का दुसऱ्यांच्या पोरांना वाढता वाढता रस्त्याकडे बघायच्या. लोक म्हणायचे, अक्कांचा हात सढळ. सढळ कसला, लक्ष रस्त्यावर असायचं, म्हणून एका पळीच्या जागी तीन पडायच्या.

यंदा मात्र प्रभू येळवशीच्या बराच आधी आला. पोटाशी एक काळा, जडशीळ कंप्युटर धरून बसमधून उतरला आणि मधल्या खोलीत सोयाबीनच्या पोत्यांशेजारी तो मांडून बसला.

"किती दिस हाईस?" अक्कांनी विचारलं.

"हे गणित संपलं की बघू, अव्वा."

अक्कांनी त्यातलं पहिलंच अर्धं पदरात बांधलं. गणित संपलं की पोरगा जाणार. म्हणजे गणित संपता कामा नये. इतकं सोपं होतं!

पण शत्रूची माहिती हवी. चहा द्यायच्या निमित्तानं त्या आत गेल्या. पडद्यावर एक चौकोनी पिंजरा गरगर फिरत होता.

"ह्यात कोण हाय?"

"कुणी न्हाई. ह्यो पिंजराच रेणू हाय. आठ कोपऱ्यावर कार्बनचे आठ अणू. त्यांना ऐसपैस बसायचं असतंय, पण हितं काटकोनात कोंबलेत. वाकवलेल्या कामटीवानी. सुटले की समदी ताकद एकदम बाहीर. रॉकेटाला असलंच लागतंय. पण खरा बनवायच्या आधी कंप्युटरवर बघायचं, किती ताण सोसतोय अन् कवा तुटतोय."

"घरात फुटंल की रे."

"फुटायला घरात हाय कुठं? नुसतं गणित हाय."

अक्कांना काही पटलं नाही. "आमी आठ जण दोन खोल्यांत राहिलो. आमी कवा फुटलो?"

"तुमचं गणित कुणी केलं न्हाई म्हणून," ओसरीवरून अमृतप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी झाडताना केरसुणीत वायर अडकली आणि तो बिनबॅटरीचा कंप्युटर बंद पडला. प्रभूनं कपाळाला हात लावला, पण केलेलं सगळं वाया जात नव्हतं. आदल्या रात्रीपर्यंतचं साठवलेलं असायचं, तिथून पुढं सुरू. म्हणजे हे काम रोज करावं लागणार, हे अक्कांच्या ध्यानात आलं. मग एक दिवस शेंगाच्या चटणीला मिक्सर नेमका त्याच बोर्डावर लागला. प्रभूनं बोर्डावर 'हात लावू नका' असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून चिकटवलं. अक्कांना दोन्ही वाचता येत असल्यामुळं तोही मार्ग बंद झाला.

मग अक्का थेट मीटरपाशी गेल्या. प्रभू चहाला स्टँडवर गेला की फ्यूज निघायचा आणि चिंचेच्या बरणीत जायचा. लाइनमन येऊन खांबावर चढला, उतरला, आणि शेजारची शिवकन्या टीव्ही बघत होती ते दाखवून म्हणाला, "करंट हाय की. तुमच्याच घरावर रुसलाय." तोवर अक्कांनी फ्यूज हळूच जागेवर लावला होता.

"कुणाची तरी नजर लागली," अक्का गंभीरपणे म्हणाल्या आणि ज्या हातानं फ्यूज काढला त्याच हातानं कंप्युटरची दृष्ट काढली.

खरं सांगायचं तर ते दिवस त्यांना फार गोड गेले. करंट नसला की प्रभू चुलीपुढं येऊन बसायचा, पाय पोटाशी घेऊन, शाळेत असताना बसायचा तसा. तव्यावरची भाकरी तिथंच मोडून खायचा आणि मेसच्या भाताला नावं ठेवायचा. अक्कांना वाटायचं, अख्ख्या बीदर जिल्ह्याचा करंट कायमचा जावा.

येळवस चार दिवसांवर आली आणि प्रभूला त्याच्या सरांचा फोन आला. बोलून तो स्वयंपाकघरात आला.

"अव्वा, मी उद्या जायलोय. जिथं करंटचा भरवसा न्हाई तिथं काम व्हत न्हाई, म्हणायलेत सर."

"आन् गणित? ते तर संपलं न्हाई की."

"संपलं असतं तर राहिलो असतो. हे हितं येळेवर झालं की पुढची समदी गणितं हितूनच करायची, उन्हाळ्यापतोर. तसं सरांनी कबूल केलं व्हतं."

"मंग मला कामून न्हाई सांगितलास?"

"पक्कं झाल्याबगर तुला आशा कशाला लावू?"

अक्का उठल्या, चिंचेची बरणी ताटात उपडी केली आणि चिकट फ्यूज त्याच्यापुढं धरला.

"लाव फोन तुज्या सराला. म्या बोलते."

फोन लागला. "साहेब, करंटचा दोष न्हाई. दोष माजा हाय. लेकराला राहू द्या," अक्का म्हणाल्या, आणि तेच कन्नडमध्येही सांगितलं. मग सर प्रभूशी काहीतरी बोलले.

"काय म्हणलेत?"

"करंट जात असता तर इन्व्हर्टर पाठवला असता म्हणे. अव्वावर इन्व्हर्टर चालत न्हाई."

सकाळच्या बसनं तो गेला, आणि त्याच्याही आधी फ्यूजची गोष्ट गावभर गेली. कंप्युटर मांडीवर असल्यामुळं त्याला हातही हलवता आला नाही. बस वळणाआड गेली तरी अक्का तिथंच उभ्या होत्या. पोराला धरून ठेवायच्या नादात आपणच त्याला बसमध्ये बसवला, हे त्यांना राहून राहून डाचत होतं.

येळवशीच्या दुपारी, कोपीपुढं पंगत बसलेली असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. अक्कांनी पळी टाकून फोन घेतला.

"अव्वा, गणित संपलं! टिकला पिंजरा!"

"टिकू दे बाबा. तू जेवलास का?" अक्कांनी फोन भज्जीच्या पातेल्यावर धरला, आंबिलीवर धरला, मग जवळ घेऊन त्याचा चेहरा बघत राहिल्या. वाळला होता. खूप सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "प्रभू, तू म्होरल्या..."

फोन विझला. आदल्या रात्रीपासून गावात करंट नव्हता, चार्जिंग झालंच नव्हतं.

अमृतप्पांनी अक्कांकडे पाहिलं. मग शिवकन्येनं पाहिलं. मग सगळ्या पंगतीनं.

काळ्या काचेवरून पदर फिरवत अक्का म्हणाल्या, "असं बघू नका. ह्या टायमाला म्या हात बी लावला न्हाई."