आगटेकाकांची काळी मंडळी

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे आगटेकाका आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचे, आणि ते फाटकाबाहेर गेलं की स्वतःसाठी चहा टाकायचे. समाधानाचा.

एका दंतवैद्याला त्यांनी माझ्यादेखत घालवलं. डॉक्टरांना दवाखान्याच्या पाटीसाठी इंग्रजी वर्तमानपत्रांच्या नावाला असतं तसं जुनं, जाड, भारदस्त अक्षर हवं होतं. काका म्हणाले, "अहो, यातल्या एकेका अक्षराला चार-चार सुळे आहेत. पेशंट दारातूनच दात घेऊन पळेल."

या अक्षराला इंग्रजीत ब्लॅकलेटर म्हणतात, हे मला काकांमुळे कळलं. ते स्वतः 'काळी मंडळी' म्हणत. कोथरूडमध्ये तेव्हा गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते आणि प्रत्येक क्लासच्या प्रमाणपत्रावर ही मंडळी हजर असायची. काकांना ते बघवत नसे. "माउस धरायला शिकला म्हणून हे अक्षर? उद्या पोळी लाटली म्हणून पालखीत बसवतील!"

काका पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा बाहेर पडले आणि पुढच्या खोलीत संगणक, स्कॅनर, प्रिंटर मांडून बसले. काकू आधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. दारावर पाटी लागली, 'कार्डे, पाट्या, बोधचिन्हे', आणि तिच्याखाली, 'घाई असल्यास दुसरीकडे जावे.'

फॉन्टांची सीडी त्या काळी कुठेही मिळायची. काकांनीही आणली, आठवडाभर बघितली आणि चहाच्या कपाखाली ठेवली. "प्लॅस्टिकची मंडळी." मग ते जुन्या बाजारात जाऊन इंग्रजी प्रार्थनेची पुस्तकं, बिस्किटांच्या डब्यांची झाकणं, जर्मन यंत्रांची जुनी माहितीपत्रकं असलं काय काय आणू लागले. त्यातली अक्षरं स्कॅन करायची आणि एकेक कड साफ करायची. पण फार नाही. "शाई थोडी फुगली आहे ना? फुगू दे. म्हातारपणी कोणाची कड सरळ राहते?"

अक्षर द्यायचं म्हणजे मुलगी द्यायची, इतकी चौकशी. दुधाच्या डेअरीवाल्याला नकार. "दूध पांढरं, अक्षर काळं. लोक म्हणतील भेसळ आहे." दोन तरुण सॉफ्टवेअर कंपनीचं बोधचिन्ह मागायला आले, त्यांनाही नकार. "कंपनी परवा जन्मली, अक्षर पाचशे वर्षांचं. बाळाला आजोबांचं धोतर नेसवू नका." होकार मिळाल्याचं मला एकच उदाहरण आठवतं. कॅम्पातली एक बेकरी. का, तर भट्टी जुनी होती आणि मालक कमी बोलायचा.

होकार मिळाला तरी अटी होत्या. हे अक्षर फक्त नावापुरतं, एक-दोन शब्द. बाकी मजकूर साध्या अक्षरात. "पत्ता शोधायचा असतो, त्याची पूजा करायची नसते." सगळा शब्द कॅपिटल अक्षरांत कधीच नाही. "मांडवात सगळेच व्याही? मग पंगत कोण वाढणार?"

अशा माणसाकडे मी माझ्या मुलाला पाठवलं. या गोष्टीचं मला पुढे बरेच दिवस वाईट वाटत होतं. मला तसं लवकरच वाटतं.

केदार इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याचा आणि मित्रांचा एक बँड होता, 'वेताळ', घरामागच्या वेताळ टेकडीवरून ठेवलेलं नाव. चौघांचे केस खांद्यापर्यंत. संगीत असं, की आमची ही देवघराचं दार लावून घ्यायची. पुढच्या शनिवारी त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम होता आणि पोस्टरवर त्यांना तेच काळं, टोकदार अक्षर हवं होतं. वरून रक्त ठिबकणारं.

"रक्त नको," काका म्हणाले. "अक्षराला सर्दी झाल्यासारखं दिसतं. आधी गाणं ऐकवा."

मुलांनी कॅसेट लावली. काका डोळे मिटून ऐकत होते.

"गाणाऱ्याचा घसा बसलाय का रे?"

"नाही काका, असंच गातात."

"बरं. गवती चहा टाकतो."

चारही गाणी ऐकून ते म्हणाले, "मंडळींना विचारून सांगतो. उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोकदार अक्षर बाजूला ठेवलं आणि एक गोलसर जात दाखवली. तितकीच काळी, पण कोपरे मऊ. मुलं नाराज झाली. केदार म्हणाला, "काका, लोक घाबरले पाहिजेत."

"लोकांचं सोड. घाबरलायत तुम्ही. कॅम्पस इंटरव्ह्यू आलेत ना तोंडावर? ओरडताय ते म्हणून. टोकं लावली तर खोटं दिसेल."

हे केदारनेच मला सांगितलं. मग 'उद्या या' सुरू झालं. आज पहिलं अक्षर रुसलंय, उद्या दोन अक्षरांमधली जागा जास्त आहे. "काळ्या मंडळींनी खांद्याला खांदा लावून बसायचं असतं." मुलं रोज संध्याकाळी जात, तासभर बसत, चहा-चिवडा खात आणि हात हलवत परत येत. बुधवारी केदार वैतागला. "बाबा, उद्या नाही मिळालं तर क्लासवाल्याकडून ठिबकणारं करून घेतो."

मी खाली गेलो. मीच पाठवलं होतं, तर मीच बोलायला हवं.

"काका, शनिवारी कार्यक्रम आहे. पोस्टर भिंतींवर कधी लागणार?"

"पोस्टर ना? छापून आलंय सोमवारीच." त्यांनी दिवाणाखालून गठ्ठा ओढला. पोस्टर सुरेख होतं. मधोमध इंग्रजीत गोलसर, काळंभोर 'वेताळ', खाली साध्या बारीक अक्षरात जागा आणि वेळ.

"अहो मग दिलं का नाहीत?"

"मुलं विचारत नाहीत पोस्टर झालं का म्हणून. विचारतात, काका, आज काय बिघडलं?" ते गठ्ठ्यावरची धूळ झटकू लागले. धूळ नव्हतीच. "मग काहीतरी बिघडवावं लागतं, देवधर. चार जणं असतात. चिवडा संपतो."

मला खोटं बोलायची सवय नाही. बोललो तर रात्री झोप येत नाही. तरी म्हणालो, "आता कॅसेटचं कव्हरही लागणार आहे त्यांना. ते तुम्हीच करायचं, असं म्हणत होता केदार."

काकांनी लगेच चष्मा चढवला. "मग कामाला लागलं पाहिजे. गाण्यांची नावं सांगा."

मला चारपैकी एकही येत नव्हतं. माझ्याच घरात, भिंतीपलीकडे, वर्षभर वाजत होती ती गाणी.

काकांनी स्वतःच चारही नावं क्रमाने म्हणून दाखवली, न अडखळता.

"तिसरं ऐकलंय?" त्यांनी विचारलं. "त्यात केदार ओरडत नाही."

त्यांनी कॅसेट पुढे सरकवून लावली आणि आत चहा टाकायला गेले. गठ्ठा मांडीवर घेऊन मी माझ्या मुलाचा आवाज ऐकत बसलो.