तात्यांच्या खांद्याचा व्यायाम

ऐक गं सुप्रे, नुसतं ऐक! मधे एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर माझी गाडी रुळावरून उतरते!

आपली सुकन्या फिजिओथेरपिस्ट झाली. चार वर्षं पुण्यात, शेवटचे सहा महिने मोठ्या हॉस्पिटलात पेशंटचे गुडघे वाकवून आली आणि शहाण्णवच्या मार्चमध्ये बारामतीत मानसिंग डॉक्टरांच्या हाडांच्या दवाखान्यात रुजू झाली. खोली कुठली मिळाली? प्लास्टरची पोती ठेवायची! पोती एका कोपऱ्यात, सुकन्या दुसऱ्या कोपऱ्यात, अन् मधे एक पलंग. पण पोरगी अशी खूश, जणू अख्खा दवाखाना तिच्या नावावर केलाय!

डॉक्टर म्हणाले, "हे बघ, हितं फिजिओथेरपी म्हणजे लोकांना मालिश वाटतं. एक महिना देतो. महिन्यात एक तरी पेशंट असा बरा करून दाखव की चार गावांत नाव झालं पाहिजे. नाहीतर ही खोली परत पोत्यांना."

आणि सुकन्याला काही केल्या पुण्याला परत जायचं नव्हतं. जळोचीतल्या घरनं सायकलीवर यायचं, दुपारी घरचा डबा खायचा, आपल्याच माणसांत काम करायचं, हेच तर तिचं चार वर्षांचं स्वप्न!

तर पहिला पेशंट आला. शेळगावचे जोतीराम तात्या! सोसायटीचे चेअरमन, मिशा अशा की दोन्हीकडं एकेक लिंबू ठेवावं. ट्रॅक्टरवरनं पडले होते, दीड महिना हात गळ्यात बांधलेला. हाड जुळलं, पण खांदा असा धरला, की हात छातीच्या वर जाईना. आणि तीन आठवड्यांवर बिरोबाची यात्रा! देवळापुढं पहिला भंडारा उधळायचा मान तात्यांच्या घराण्याचा. हातच वर गेला नाही तर उधळणार काय?

"बाई, होईल का?" तात्यांनी विचारलं.

"होईल का?" सुकन्या म्हणाली. "तात्या, तीन आठवड्यांत हात सरळ आभाळाला! लिहून देते!"

बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी ऐकलं. डॉक्टरांनीसुद्धा!

मग तिनं व्यायाम दाखवले. भिंतीशी उभं राहायचं अन् मुंग्या चढाव्यात तशी बोटं वर वर चढवायची. वाकून हाताचा झोका करायचा. सुकन्या जीव तोडून दाखवत होती आणि तात्यांचं सगळं लक्ष खिडकीतून खाली उभ्या केलेल्या जीपवर! तात्यांची मालकीण गोजरबाई मात्र डोळ्यांची पापणी न हलवता बघत होती. म्हणून सुकन्या तिच्याकडंच वळली.

"मावशी, रोज तीन वेळा, दहा-दहा. हे सगळं तुमच्यावर सोपवलं हं! एक दिवस चुकता कामा नये!"

"न्हाय चुकायचं बाई," गोजरबाई म्हणाली. "तुमी निवांत ऱ्हावा."

आठ दिवसांनी जोडी परत आली. सुकन्यानं कोन मोजायची पट्टी लावली. पहिल्या दिवशी साठ अंश होता, आजही साठ! पट्टी उलटी करून लावली. साठ!

"व्यायाम केला ना?"

"तीन टायमाला!" गोजरबाई म्हणाली. "काल तर पाव्हणे आल्यालं, तरी केला."

"आन् मोजायला मी सवता बसतो," तात्या म्हणाले. "एक बी कमी पडू देत न्हाय."

बघ सुप्रे, हितंच तिच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती! पण ती कसली खूश! काय शिस्तीचा पेशंट, स्वतः मोजतो! मग फरक का नाही? म्हणजे व्यायामच कमी पडतोय!

"आजपासून दुप्पट!" ती म्हणाली. "लिंबाच्या फांदीवरनं दोर टाकायचा अन् ओढायचा. आणि हातात पाण्यानं भरलेली बाटली घ्यायची."

गोजरबाईचा चेहरा एवढासा झाला. "दुप्पट?"

"दुप्पट!"

"बरं बाई," तिनं सुस्कारा सोडला. "कुंकवासाठी करायचं, त्यात काय."

किती प्रेमळ बायको, असं म्हणून सुकन्याचे डोळे भरून आले! वेडी कुठली!

पुढच्या आठवड्यात तात्या आलेच नाहीत. यष्टीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला: "लई फरक हाय. डॉक्टरसायबांना घेऊन यात्रेला या." आता तुला ठाऊक आहे, आपल्याकडं डॉक्टरला तोंडावर 'फरक नाही' म्हणणं म्हणजे जेवायला बोलावून ताट ओढून घेतल्यासारखं. माणूस शेवटच्या घटका मोजत असला तरी म्हणणार, गुण हाय! पण ही पुण्यात शिकलेली, हिनं निरोप खरा धरला! तडक डॉक्टरांकडं गेली.

"सर, यात्रेला चला! कॅमेरा घ्या! दवाखान्यात लावायला फोटो होईल!"

मी पण गेले त्यांच्याबरोबर. माणसांचा समुद्र गं! धनगरी ढोल असे घुमत होते की पोटातलं जेवण उड्या मारत होतं. डॉक्टर नवा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत, डोळ्याला कॅमेरा. शेजारी सुकन्या, मान ताठ.

ढोल थांबले. तात्यांनी ताटातनं मूठभर भंडारा उचलला. हात निघाला. कमरेपर्यंत आला. पोटापर्यंत आला. शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत आला आणि भरलेली उसाची ट्रॉली चढावर अडकावी तसा अडकला! तात्यांनी दात आवळले, खालनं जोर लावून दिला एक हिसका! भंडारा उडाला तो थेट डॉक्टरांवर! शर्ट पिवळा, कॅमेरा पिवळा, डॉक्टर हळद लागल्यासारखे!

सुकन्या धावली. "तात्या, व्यायाम नाही केला?"

"केला की! एक दिस खाडा न्हाय!"

"मग? कुणी केला?"

"हिनं!"

सुप्रे, तीन हजार माणसांच्या माना गोजरबाईकडं वळल्या!

"मावशी, तुम्ही केलात? त्यांच्या खांद्याचा?"

"आता बघा!" गोजरबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "ह्यांच्यासाठी उपास मी करते, त्यो लागू पडतो. ह्यांच्या नावानं नवस मी बोलते, अनवानी मी चालते, ते देवाला चालतं. मग येवढा हात वर करायचं काम, ते का न्हाय चालायचं? आन् तुमीच म्हनला, तुमच्यावर सोपवलं! ह्यास्नी सोसायटीच्या कामातनं सवड हाय का? येक दिस सोडला न्हाय म्या! हे बघा, आसं भितीवर, आन् मग आसं!"

दाखवण्याच्या भरात तिनं ताटातला मूठभर भंडारा उचलला आणि हात केला वर! कुठवर? गुऱ्हाळाच्या धुराड्यासारखा सरळ आभाळात! भंडारा गेला तो देवळाच्या कळसावर!

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" कुणीतरी ओरडलं आणि ढोल सुटले!

गोजरबाई मात्र स्वतःच्या हाताकडं बघत तशीच उभी. मग हळूच म्हणाली, "आगं बया! सा वर्सं ह्यो हात वर जात न्हवता माझा. माझी येणी शेजारीण घालायची."

कुणाला ठाऊकच नव्हतं! तात्यांनासुद्धा नाही! ते आपले मिशीवरचा भंडारा झटकत बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "मान घरातच ऱ्हायला. वाजवा रं!"

परत येताना गाडीत डॉक्टर कॅमेऱ्यातली हळद पुसत बसले. मोठ्या रस्त्याला लागल्यावर एकच वाक्य: "सोमवारी सकाळी भेट." सुकन्यानं मनातल्या मनात पुण्याची बॅग भरायला घेतली.

सोमवारी गेली तर काय! दवाखान्याच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत बायका! शेळगावच्या, डाळजच्या, कुठकुठल्या. प्रत्येकीच्या पिशवीत नवऱ्याचा एक्स-रे, आणि नवरा एकीबरोबर नाही! डॉक्टर दारात उभे, कानात अजून हळद. त्यांनी रांगेकडं बघितलं, सुकन्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "पोती आजच हलवतो."

नोकरी पक्की! सुकन्या उडीच मारणार होती. तेवढ्यात पहिली बाई आत आली, छबूबाई. पाय ओढत, भिंत धरत, प्रत्येक पावलाला 'आई गं' म्हणत. टेबलावर एक्स-रे ठेवला आणि म्हणाली, "मालकांचा गुडघा हाय. त्यास्नी येळ न्हाय. काय करायचं त्ये मला दावा, मी करते."

सुकन्यानं समजावलं, व्यायाम ज्याचा त्यानंच करायचा असतो, तुमचा गुडघा दुखतोय तर तुमच्यासाठी करा. तर ही उठायलाच लागली. "मग ऱ्हाऊ द्या. माज्यासाठी कशाला येळ घालवू? घरी कामं पडल्यात."

आता खरं सांगत बसावं तर रांगच्या रांग घरी जाते. गप बसावं तर शिकलेली विद्या लाजते. आणि त्या बाईचा गुडघा तर डोळ्यांपुढं कुरकुरतोय! सुकन्यानं केसपेपर ओढला, पेन उघडलं आणि पेशंटचं नाव लिहायच्या जागेवर पेन टेकवून तशीच बसली.

सांग ना सुप्रे, तू असतीस तर कुणाचं नाव लिहिलं असतंस?