पायाळूची लाथ

यंदाही भैरोबाची काठी आपणच उचलणार, हे कारभारी अण्णांनी जत्रेच्या आधीच कांद्याच्या टेम्पोजवळ चारचौघांत जाहीर करून टाकलं. "माझा कणा म्हंजी लोखंडाची कांब हाय," असं म्हणून त्यांनी पुरावा म्हणून एक भरलेली गोणी एकट्याने उचलली. गोणी टेम्पोत गेली. अण्णा मात्र वाकले ते वाकलेलेच राहिले.

कमरेत उसण भरली होती. टेम्पोवाल्या रशीदने त्यांना धरून धरून घरी आणलं.

आता दुखणं कमरेचं असलं, तरी खरी कळ काळजात होती. गावाची रीत अशी, की जत्रेला काठी एकट्याने उचलायची आणि देवळाला एक फेरा घालायचा. ज्या घरचा माणूस उभा राहिला नाही, त्या घरचा मान चुलत घराकडे जायचा. म्हणजे धाकट्या चुलतभावाकडे, बन्सीकडे. बन्सी तसा वाईट नव्हता, पण दर जत्रेला तो काठीकडे असा बघायचा, जसा उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो.

"काय वाट्टेल ते होवो," अण्णा पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "काठी मीच उचलनार."

सून सुकन्या नगरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपी करायची. तिने विचारपूस केली आणि म्हणाली, "मामा, स्नायू आखडलाय, बाकी काही नाही. उताणं झोपायचं, एकेक गुडघा छातीशी घ्यायचा, हळू सोडायचा. वर गरम पाण्याची पिशवी."

अण्णांनी तोंड फिरवलं. सुनेपुढे जमिनीवर पडून पाय वर करायचे? त्यापेक्षा काठी गेलेली परवडली, असं एक क्षणभर त्यांना वाटलं. क्षणभरच.

तोड सासूबाईंनी, पुष्पावतीबाईंनी काढली. सुकन्याने दाराआडून सांगायचं आणि बाईंनी आत नवऱ्याकडून करून घ्यायचं.

"श्वास सोडत गुडघा वर घ्या," बाहेरून आवाज आला.

"श्वास सोडा आन् गुडगा वर घ्या," बाईंनी पुढे पोचवलं.

अण्णांनी श्वास असा सोडला, की सुकन्याने घाबरून विचारलं, "आई, काय पडलं?"

"काय न्हाई, तुजे मामा हायेत."

मग तेल लावायची वेळ आली. बाईंचा हात आयुष्यभर बाजरीच्या भाकरीवर तयार झालेला. चटाचट आवाज ऐकून सुकन्या म्हणाली, "आई, थापायचं नाही. कण्यावर दाबू नका, दोन्ही बाजूंनी हळू चोळा." बाईंनी हळू चोळलं, पण त्यांचं हळूसुद्धा अण्णांच्या डोळ्यांतून पाणी काढायला पुरेसं होतं.

अण्णांनी मात्र नेट सोडला नाही. सकाळ-संध्याकाळ दार लावून गुडघे छातीशी. कळ कमी झाली, पण पाठ काही सरळ होईना. जत्रा उद्यावर आली आणि अण्णांचा धीर सुटला. आता पायाळूशिवाय इलाज नाही, असं त्यांनी ठरवलं.

पायाळू म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला माणूस. त्याने पाठीला लाथ लावली की उसण पळते, असं आपल्याकडे मानतात. अडचण एवढीच होती, की अख्ख्या गावात पायाळू एकच होता, आणि तो बन्सी होता.

अण्णा तसेच वाकून बन्सीच्या अंगणात गेले. "बन्सी, लाथ मार."

बन्सी विचारात पडला. "अण्णा, तुमी थोरले. पाप लागंल मला."

"मी सांगतोय ना."

"आन् तुमी सरळ झाला तर काठी तुमीच उचलनार. मंग मी कशापायी मारू?"

हे बोलणं सरळ होतं, त्यामुळे अण्णांनीही सरळ उत्तर दिलं. "नको मारू. उद्या काठी घे. गाव म्हनंल, भावाची कंबर धरली तवा कुटं मान मिळाला बन्सीला."

बन्सीच्या जिव्हारी लागलं. त्याने आधी अण्णांच्या पाया पडून घेतलं आणि मग पाय उचलून कमरेला हलकेच लावला.

नेमक्या त्याच वेळी लंकाबाई हंडा घेऊन वाटेने चालल्या होत्या. पाया पडलेलं त्यांनी पाहिलं नाही, लाथ तेवढी पाहिली. त्या चावडीपर्यंत पोचेस्तोवर बन्सीने काठीपायी थोरल्या भावाला आडवा करून तुडवला होता. गाव धावत आलं. सगळ्यांत पुढे रशीद. त्याने येताच बन्सीची गचांडी धरली.

"सोड त्याला," अण्णा ओरडले, "मीच मार म्हनलो हुतो."

ओरडायच्या भरात ते ताठ उभे राहिले होते. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या पाठीकडे वळल्या.

"एका लाथंत," लंकाबाई हळूच म्हणाल्या.

"अहो, मामा चार दिवस व्यायाम करतायत," मागून सुकन्या सांगत होती. पण व्यायाम दाराआड झाला होता आणि लाथ अंगणात.

दुसऱ्या दिवशी सुकन्याने देवळाच्या पायरीपाशी, या वेळी समोर उभं राहून, अण्णांना बजावलं, "कमरेतून वाकायचं नाही. गुडघे वाकवा, काठी अंगाशी धरा आणि पायांच्या जोरावर उठा." अण्णांनी निमूट ऐकलं. काठी उचलली. डौलात, पाऊल न चुकवता फेरा घातला. त्यांना भरून आलं. मान राहिला होता. आता शाबासकी घ्यावी म्हणून त्यांनी मान वर करून पाहिलं.

आवारात सुकन्या होती आणि गुरव होता. हलगीवालासुद्धा नव्हता.

"लोक कुटं गेले?" अण्णांनी विचारलं.

"बन्सीच्या दारात रांग लागलीया," गुरव म्हणाला. "पार येशीपातुर. तुमच्या मंडळी बी हायेत, खांदा धरलाय म्हनत हुत्या."

अण्णा काठी धरून उभेच राहिले. गुरव जरा घुटमळला, मग मानेवर हात ठेवून म्हणाला, "अण्णा, तुमचा फेरा झाला असंल तर काठी तेवडी जाग्यावर ठिवता का? माझा लंबर यायला लागलाय."