ऊन कुणाला लागतं?

मनुष्याला खोल विचार करायचा तर थंडावा लागतो, ही गोष्ट सर्व थोर विचारवंतांना मान्य आहे. (ज्यांना थंडावा मिळाला नाही त्यांनी काय विचार केला, याची नोंद कुणी ठेवलेली नसल्यामुळे या सिद्धान्ताला आजवर बाध आलेला नाही.) असं असूनही एकोणीसशे सत्तावीस सालचा तत्त्वचिंतन सप्ताह सोलापुरात, आणि तोही ऐन वैशाखात भरवावा, असं ठरलं. कारण उघड होतं. कोर्टाला सुटी, शाळांना सुटी. म्हणजे वकील आणि मास्तर हे विचार करणारे दोन्ही वर्ग एकदमच मोकळे. गिरण्यांना सुटी नव्हती, पण गिरणीतल्या माणसांना विचारासाठी बोलावण्याचा प्रघातही नव्हता.

मंद्रूपचे हिंदुराव मास्तर या सप्ताहाला आले ते केवळ ज्ञानाच्या ओढीनं आले, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. त्यांच्या शाळेतली हेडमास्तरची जागा पावसाळ्यात रिकामी होणार होती, आणि सप्ताहाला अखंड हजर राहिल्याचं प्रमाणपत्र ज्याच्यापाशी असेल त्याचा विचार आधी होईल, असं शाळा तपासणारे डेप्युटी साहेब बोलता बोलता बोलून गेले होते, हा निव्वळ योगायोग. मास्तर चौदा वर्षं दुय्यम होते. त्यांची बायको वच्छला हिनं कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून देता देताच, हेडमास्तरीण म्हणून हळदीकुंकवाला कुठं बसायचं ते मनाशी ठरवून टाकलं होतं.

'अखंड' या शब्दाचा अर्थ सप्ताह भरवणाऱ्या मंडळाचे चिटणीस गुरुबसप्पा यांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितला. गुरुबसप्पा हे सुताचे व्यापारी, त्यामुळे धागा तुटलेला त्यांना खपत नसे. व्याख्यान चालू असताना जो सभासद जागेवरून उठेल, त्याच्या हजेरीत खंड धरला जाईल. झोपेला हरकत नव्हती, कारण झोपलेला मनुष्य उठत नाही. एकूण सभासद त्रेसष्ट. दुपारच्या व्याख्यानाला त्यांतले सरासरी एकेचाळीस डोळे मिटून ऐकत.

थंडाव्याची व्यवस्था मात्र चोख होती. सुटीत रिकाम्या पडलेल्या एका शाळेचा मोठा हॉल घेतला होता, आणि त्याच्या चार दारांना वाळ्याचे पडदे लावले होते. पडद्यांवर सतत पाणी मारण्यासाठी मायाक्का नावाची बाई ठेवली होती. ही मंद्रूपकडचीच धनगरीण. नवरा मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात लांब गेलेला, म्हणून ती शहरात पडेल ते काम करी. विहिरीतून घागर शेंदायची, पडदा भिजवायचा, पुढच्या पडद्याकडे जायचं. चौथा भिजेपर्यंत पहिला वाळायचा. अनादि आणि अनंत म्हणजे काय हे समजावताना वक्त्यांना हे उदाहरण सहज देता आलं असतं, पण ते नेमकं त्यांच्या पाठीमागं होतं. तिच्या जोडव्यांचा फरशीवर आवाज होतो आणि चिंतनात विक्षेप येतो, अशी तक्रार आली. गुरुबसप्पांनी तोडगा काढला. जोडवी काढायला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांवर चिंध्या बांधायला सांगितल्या. धर्मही राहिला आणि शांतताही.

दुसऱ्या दिवशी मायावादावर व्याख्यान होतं. वक्ते दर पाच मिनिटांनी हात उंचावून "ही माया!" असं गर्जत, आणि बाहेरून "जी" असा ओ येई. तिसऱ्या ओनंतर गुरुबसप्पा स्वतः बाहेर जाऊन बंदोबस्त करून आले. (पदाधिकाऱ्यांना खंड लागत नसे.) जी दिसते पण नसते ती माया, असा त्या दिवसाचा निष्कर्ष निघाला. मायाक्का होती पण दिसत नव्हती, त्यामुळे तिची बाब निष्कर्षाच्या कक्षेत येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीत हिंदुराव विहिरीवर पाय धुवायला गेले. गावाकडचे मास्तर दिसताच मायाक्कानं पदर सावरला आणि आत काय सांगालेत ते विचारलं. मास्तरांना शिकवण्याची सवय, त्यात ऐकणारं माणूस जागं. त्यांनी देह कसा खोटा, जग कसं खोटं, सुखदुःख हा कसा भास, हे पंधरा मिनिटं सांगितलं. ती घागर कमरेवर तशीच ठेवून ऐकत होती. मग म्हणाली,

"देह न्हाय म्हणताव, जग बी न्हाय. मग मास्तर, ऊन कुणाला लागतंय?"

मास्तर हसले. हे समजायला आधी फार वाचावं लागतं, असं सांगून आत गेले. पण तो प्रश्न धोतरात कुसळ अडकावं तसा त्यांना बसू देईना. रात्रभर विचार करूनही उत्तर सापडलं नाही, तेव्हा सकाळी त्यांनी शंकापेटीचा कागद घेतला आणि प्रश्न सुधारून लिहिला: 'देह मिथ्या मानिल्यास आतपाची वेदना कोणत्या अधिष्ठानावर संभवते?' खाली मायाक्काचं नाव लिहावं असं त्यांच्या मनात खरंच आलं होतं. पण कागदावर सभासद-क्रमांक मागितला होता, आणि तिला क्रमांक नव्हता. खोटं लिहिणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी आपलं नाव लिहिलं.

चौथ्या दिवशी अध्यक्षांनी तो कागद दोनदा वाचला. अध्यक्ष हे निवृत्त सबजज्ज असल्यामुळे कोणतीही गोष्ट त्यांना एकदा वाचून पटत नसे. चष्मा काढून ते म्हणाले की, हा एक प्रश्न निघाला तरी सप्ताह सार्थकी लागला. त्याचं उत्तर सहाव्या दिवशी दुपारी दोन वाजता ते स्वतः देणार होते. टाळ्या झाल्या. हिंदुरावांना मागच्या बाकावरून उठवून पुढं पश्चिमेच्या पडद्याशेजारी खुर्ची देण्यात आली. ती जागा सगळ्यांत गार होती. चौदा वर्षांत मास्तरांना पहिल्यांदाच खुर्ची मिळाली होती, आणि पडद्यातून येणाऱ्या वाळ्याच्या वासानं त्यांना भरून आलं. पाचव्या दिवसापासून त्यांनी विहिरीवर पाय धुणं सोडलं.

सहाव्या दिवशी पारा एकशे दहा अंशांवर गेला. विहिरीचं पाणी खाली गेल्यामुळे दोर आणखी चार हात सोडावा लागत होता. दोन वाजता अध्यक्ष उभे राहिले आणि उत्तराचे तीन भाग पाडले. पहिला भाग संपत आला असताना पडद्यापलीकडे घागर फुटल्याचा आवाज झाला. पाठोपाठ काहीतरी जड पडलं. मग काहीच आवाज नाही.

मास्तरांनी मान वळवली. पडदा आणि चौकट यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. त्या फटीतून फरशी दिसत होती, आणि फरशीवर चिंध्या बांधलेली जोडवी घातलेला एक पाय. तो हलत नव्हता. मास्तर खुर्चीवरून वीतभर उठले.

"हिंदुराव," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "लक्ष इकडे असू द्या. हे सगळं आपल्यासाठीच चाललं आहे."

त्रेसष्टांपैकी जे जागे होते त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बसले. त्यांना काही वाटलं नाही असं नव्हे. पण सहा दिवसांचं शिक्षण अशा वेळी उपयोगी पडतं. पडला तो देह, आणि देह म्हणजे ती नव्हे. पाहिलं ते डोळ्यांनी, आणि डोळे फसवतात, हे मायावादाच्या दिवशीच सिद्ध झालं होतं. शिवाय बाहेर कुणीतरी असेलच.

बाहेर सुंदरम्मा होती. ही पद्मसाळी विणकरांच्या घरची म्हातारी फाटकापाशी ताक विकत बसे. तिनं धावत येऊन दारावरच्या स्वयंसेवकाला तेलुगूत आणि मोडक्या मराठीत सांगून पाहिलं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. तेव्हा तिनं एकटीनंच मायाक्काला काखेत धरून लिंबाच्या सावलीत ओढत नेलं आणि दिवसभराच्या विक्रीचं ताक तिच्या डोक्यावर ओतलं.

इकडे पडदे वाळले. दहा मिनिटांत हॉलची भट्टी झाली. सप्ताहात पहिल्यांदाच त्रेसष्टच्या त्रेसष्ट सभासद एकाच वेळी जागे झाले, आणि अध्यक्षांनी तिसऱ्या भागाच्या मध्येच थांबून, हे काय चाललं आहे, पाणी का बंद झालं, असं विचारलं. गुरुबसप्पा बाहेर पळाले आणि एका हमालाला घागर देऊन आले. इतिवृत्तात नोंद आहे: 'पाणी बावीस मिनिटं खंडित झाल्यामुळे सभासदांना झालेल्या त्रासाबद्दल मंडळ खेद व्यक्त करीत आहे.'

सातव्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली गेली. हिंदुरावांच्या प्रमाणपत्रावर अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं 'अखंड व एकाग्र' असं लिहिलं. ते घडी करून खिशात घालून मास्तर सुंदरम्माचं घर विचारत गेले. मायाक्का मागाशेजारी कांबळ्यावर निजली होती. जीव वाचला होता. डावा हात मात्र अजून उचलत नव्हता. मास्तरांनी आणलेलं कलिंगड खाली ठेवलं आणि म्हणाले की, आपल्याला हे व्याख्यान संपल्यावर कळलं.

"फटीतनं तुमी दिसत हुताव की, मास्तर," ती हळू म्हणाली. "उटलाव, आन् परत बसलाव."

मास्तरांनी कलिंगड थोडं आत सरकवलं. तिच्या बोलण्यात राग असता तर त्यांना काही बोलता आलं असतं. मग तिनंच विचारलं,

"साहेब उनाचं सांगणार हुते म्हणं त्या दिशी. मग काय निघालं? कुणाला लागतंय?"

मास्तरांनी तिन्ही भाग आठवून पाहिले. आठवला तो फक्त निष्कर्ष.

"कुणालाच नाही," ते म्हणाले.

"असंल की," मायाक्का म्हणाली, आणि उजव्या हातानं सुंदरम्माकडे पाणी मागितलं.

पावसाळ्यात हिंदुराव हेडमास्तर झाले. वच्छलाबाई हळदीकुंकवाला ठरवलेल्या जागी बसू लागल्या.

पुढं कुणी कुणी त्या दुपारबद्दल उलटसुलट बोलू लागलं, तेव्हा मंडळानं एक पत्रक छापून सगळ्या सभासदांचं मत मागवलं. प्रश्न एकच होता: 'बाहेर बाई पडली आहे हे आपणास कळलं असतं, तर आपण उठला असता काय?' त्रेसष्टही उत्तरं 'होय, तत्काळ' अशी आली, त्यांत हिंदुरावांचंही आहे. ते पत्रक मंडळाच्या दप्तरात जपून ठेवलेलं आहे. त्रेसष्टाव्या सहीखाली थोडी जागा उरली आहे, आणि ही हकीकत वाचता वाचता आपण मनातल्या मनात जे उत्तर दिलंत, ते तिथं व्यवस्थित मावेल.