सूर्याचा कुंभक

एकदा मी एका आजारी बाईचं ऊन अडवलं होतं. चार रजया वाळत घालून. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

रजया माझ्या, अंगण सामाईक, आणि बाई म्हणजे शेजारच्या नानांची बायको, कुसुमताई. ग्वाल्हेरात इंदरगंजच्या मागच्या गल्लीत आमची दोन घरं एकाच अंगणाला धरून आहेत.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून योगाच्या मागे लागले. पूरक, कुंभक, रेचक. श्वास घ्या, धरा, सोडा. त्यातला ‘धरा’ त्यांचा लाडका. कुणीही दारात आलं की बोट वर करून म्हणायचे, "थांबा. सोडू नका." दूधवाल्यालासुद्धा. तो म्हणायचा, "नाना जी, साँस बाद में रोकेंगे, पहले भगौना तो लाइए." मी हसायची खरी, पण एकदा त्यांच्याच नादानं जिन्यात श्वास धरला आणि वरणाच्या पातेल्यासकट खाली आले.

डिसेंबर लागला की नानांना भरतं यायचं. रोज दुपारी सव्वाबाराला (घड्याळाचे बारा खोटे, ग्वाल्हेरचे खरे बारा सव्वाबाराला, हेही त्यांचंच) दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जिथवर आत येईल, तिथे फरशीवर खडूची रेघ. रेघा सरकत सरकत कुसुमताईंच्या खाटेकडे जायच्या. ताई दोन वर्षं अर्धांगानं पडून होत्या.

"वहिनी, बावीस तारखेला सगळ्यांत लहान दिवस," नाना सांगायचे. "सूर्य चालता चालता थांबतो. हा त्याचा कुंभक. मग वळतो."

"आमचा तर संक्रांतीला वळतो, तिळगूळ घेऊन."

"सूर्याला पंचांग वाचता येत नाही. बाहेर दिवस आखडतो ना, तेव्हाच ऊन घरात सगळ्यांत आत शिरतं. माणसानंही तेव्हा आत जावं. एवढाच त्या दिवसाचा अर्थ."

आणि त्या अर्थापायी आम्हाला हुकूम, बावीसला अंगणात काही वाळत घालायचं नाही. का, ते कधी सांगितलं नाही. ‘कुंभकात अडथळा’ एवढंच. मला राग यायचा. थंडीत ऊन मिळतं तासभर, तेही यांच्या श्वासाला आंदण द्यायचं? त्या वर्षी बावीसला मी बाराच्या ठोक्याला त्यांच्या खिडकीसमोरच्या दोरीवर चारही रजया टाकल्या आणि नाना कसे चिडतात ते बघायला खिडकीच्या कडेला उभी राहिले.

नाना चिडले नाहीत. ताईंच्या उशाशी मांडी घालून, डोळे मिटून, श्वास धरून बसले होते. फरशीवरच्या शेवटच्या रेघेपुढे खाटच होती. तेव्हा मला कळलं. वर्षातून या दोन-चार दिवसांतच ऊन ताईंच्या तोंडापर्यंत पोचायचं, तेही समोरच्या पाण्याच्या टाकीआड जाईपर्यंत, जेमतेम दहा मिनिटं. आणि आज तिथे माझ्या रजयांची सावली.

नानांनी श्वास सोडला. "आलं का गं?"

ताईंनी रजयांकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि जड जिभेनं म्हणाल्या, "आलं. छान गरम आहे."

मी धावत जाऊन रजया ओढल्या. चौथी दोरीत अडकली. ती सुटेपर्यंत ऊन टाकीमागे गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून असा कोहरा पडला की आठवडाभर सूर्य दिसला नाही. संक्रांतीपर्यंत ताई राहिल्या नाहीत.

पुढच्या डिसेंबरात बघते तर नाना पुन्हा खडू घेऊन फरशीवर ओणवे. खाट तिथेच, उशी तशीच. मी तिळाच्या गजकचा डबा घेऊन आत गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. रजया, माझी खोडी, ताईंचं खोटं. वर्षभर धरून ठेवलेलं एकदाचं सोडलं.

नानांनी रेघ पुरी केली. हाताचा खडू झटकला. मग म्हणाले,

"रजया मी पाहिल्या होत्या, वहिनी. डोळे किलकिले होते माझे, अभ्यास कच्चाच आहे अजून. पण ती ‘आलं’ म्हणाली आणि हसली. मग मी नाही कशाला म्हणू? बसा. पाच मिनिटं आहेत अजून. जरा या बाजूला सरकून बसा, उशीवर सावली पडेल तुमची."