माकड परतवताना

माझं एक ठाम मत आहे. मारामारी शिकायची तर माणसाने चांगली निवडून, पारखून शिकावी! लोक साडी घेताना दहा दुकानं पालथी घालतात आणि जीव वाचवायची विद्या मात्र पहिल्या क्लासला घेऊन मोकळे होतात. मी तसा नाही. मी हरिश्चंद्र, राहणार बेव्हर्ली पार्क, मिरा रोड, सरकारी कचेरीतला निवृत्त हेड क्लार्क. मी तीन चिनी विद्या स्वतःच्या अंगावर तपासून त्यातली एक पसंत केली. आजही आमच्या बिल्डिंगमध्ये ‘अनुभवी माणूस’ म्हणून माझ्याकडे बोट दाखवतात. बोट दाखवताना हसतात, हा भाग वेगळा.

गोष्ट चौऱ्याण्णव सालची. लालबागची खोली सोडून आम्ही नुकतेच मिरा रोडला आलो होतो. हवा छान, घर मोठं, पण स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता असा, की एका बाजूला मिठागर, दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगी आणि मधोमध म्हशी. रोज संध्याकाळी वीज जायची. अशात पुढच्या गल्लीतल्या एका बाईंच्या गळ्यातली चेन स्कूटरवरच्या पोरांनी खेचून नेली आणि सगळ्या परिसराने गळ्याला हात लावला.

माझ्या बायकोला, नीलिमाला, तेव्हा नुकतीच दादरला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली होती. लग्नानंतर बारा वर्षांनी! पहिल्या दिवशी घरी येऊन तिने कितीतरी वेळ चप्पलसुद्धा काढली नव्हती, नुसती दारात उभी राहून सांगत होती. आणि आता हिचा भाऊ रोज फोन करून म्हणायचा, “ताई, अंधारातून येतेस. सोड ती नोकरी.”

एक दिवस तिनेच विचारलं, “सोडू का हो?”

“मी कशाला आहे?” मी छाती पुढे काढून म्हणालो. “रोज स्टेशनवर घ्यायला येईन!”

नीलिमाने माझ्याकडे डोक्यापासून पाहायला सुरुवात केली आणि तिची नजर पोटावर येऊन थांबली. “गेल्या आठवड्यात आला होतात की. ती म्हैस मागे लागली तेव्हा तुम्ही माझ्या मागे लपलात.”

“लपलो नव्हतो. तुझी पिछाडी सांभाळत होतो.”

“बरं,” ती म्हणाली. पण त्या ‘बरं’मध्ये नोकरी सुटल्यासारखा आवाज होता. तो मला काही केल्या ऐकवेना. त्याच क्षणी मी चिनी मारामारी शिकायचं ठरवलं. डॉक्टरही वजनावरून ओरडत होतेच. म्हणजे एका दगडात दोन पक्षी!

पहिली शाओलिन. भाईंदरच्या एका हॉलमध्ये वर्ग चालायचा. तिथले सर म्हणाले, “पाय समोरच्याच्या कानापर्यंत गेला पाहिजे.” मी पाय उचलला. तो कमरेपर्यंत गेला आणि पँट कानापर्यंत ऐकू जाईल अशी फाटली. पाठीला ऑफिसची पिशवी लावून, भिंतीकडे पाठ ठेवत मी घरी आलो.

दुसरी विंग चुन. ही अरुंद जागेत फार उपयोगी म्हणे. आमच्या जिन्याचा विचार करता मला एकदम पटली. पण तिथे आधी गुडघे आत वळवून उभं राहायला लावतात. मी उभा राहिलो तो तसाच राहिलो. दोघांनी काखेत हात घालून मला बाकावर ठेवलं आणि सर हात जोडून म्हणाले, “अंकल, आप कुछ और देख लो.”

मग कोणीतरी उत्तनच्या गॅब्रियल मास्तरांचं नाव सांगितलं. हा माणूस तरुणपणी बोटीवर आचारी होता. हाँगकाँगच्या एका म्हाताऱ्या खलाशाने त्याला ताई ची शिकवली होती. मी रविवारी उत्तनला गेलो तेव्हा मास्तर किनाऱ्यावर सुकत घातलेले बोंबील उलटत होते.

“तुला मारामारी पायजे का तब्येत?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“दोन्ही!”

“उडी मारता येते?”

“नाही.”

“पाय वर जातो?”

“गेला होता. परत नेणार नाही.”

मास्तर हसले. “मंग ही तुझीच हाय. हिच्यात घाई न्हाय. समोरचा जोर लावतो, आपण नुसतं बाजूला व्हायचं. पन एक ध्यानात ठेव. एकदा सुरू केली का मधी थांबायचं न्हाय, मधी बोलायचं न्हाय. कोन येवो, कोन जावो.”

आणि त्यांनी करून दाखवली. पांढऱ्या बगळ्याने पंख पसरणं, ढगांसारखे हात फिरवणं, माकडाला मागे परतवणं, अशी एकेका हालचालीची नावं. इतकं सावकाश, की एक हालचाल संपेपर्यंत बोंबील वाळावेत. मी मनात म्हटलं, हरिश्चंद्रा, हीच ती! ज्या मारामारीत घाम पुसायला वेळ मिळतो, ती मारामारी सरकारी माणसासाठीच निघालेली आहे.

दर रविवारी उत्तन आणि रोज पहाटे आमची गच्ची, असा माझा नेम सुरू झाला. अंगात पांढरा झब्बा-लेंगा, डोळे अर्धे मिटलेले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या हसुमतीबेन पापड वाळत घालायला वर आल्या. मी तेव्हा ढगांसारखे हात फिरवत होतो.

“हरीभाई, सू करो छो?” त्यांनी विचारलं.

नियम म्हणजे नियम! मी बोललो नाही. फक्त हात त्यांच्या दिशेने हळूहळू गेले आणि तसेच हळूहळू परत आले. हसुमतीबेननी पापडांचं ताट खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि उलट्या पावली जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या सुगंधाकाकू हजर! हातात नारळ, हळदकुंकू. त्यांनी नारळ माझ्या पायाशी ठेवला आणि खाली बसल्या. माझ्या लक्षात आलं. बिल्डिंगला वाटत होतं की माझ्या अंगात येतं! आता सांगा, मी काय करणार? सांगायचं तर मधे बोलावं लागणार, आणि शेवटची हालचाल होईपर्यंत काकू थांबायच्या नाहीत.

“पोरीला वसईचं स्थळ आलंय,” काकू खालच्या आवाजात सांगू लागल्या. “मुलाचा स्टोव्ह रिपेअरिंगचा धंदा चांगलाय. पण आई फार बोलते हो! पोरगी गरीब आहे माझी. काय करू?”

माझी नेमकी त्या वेळी माकड परतवायची वेळ झाली होती. तळहात पुढे, पाऊल मागे. पुन्हा तळहात पुढे, पाऊल मागे.

“नको म्हणता? बरं झालं!” काकूंनी हात जोडले, नारळ उचलला आणि गेल्या.

झालं! संपूर्ण बी विंगला गच्चीचा रस्ता सापडला. कोणी सासूचं सांगायचं, कोणी गुडघ्याचं. एक दिवस आमचे सेक्रेटरी आत्माराम दळवी तावातावाने वर आले. “सोसायटीच्या परवानगीशिवाय गच्चीवर धार्मिक कार्यक्रम चालणार नाहीत!” मी हात फिरवत राहिलो. थोडा वेळ ते घड्याळ बघत उभे राहिले. मग टाकीला टेकले. मग म्हणाले, “पोरगा मस्कतला जाऊन दोन वर्षं झाली. फोन करत नाही हो.” आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. त्यानंतर परवानगीचा विषय निघाला नाही.

नीलिमाने एका सकाळी विचारलंच. “खरं सांगा, तुमच्या अंगात काय येतं?”

“काही नाही गं! व्यायाम आहे तो!”

“मग त्यांना सांगून टाका की. नाव हरिश्चंद्र आहे ना तुमचं?”

“सांगतो, सांगतो. आधी विद्या पूर्ण होऊ दे.” विद्या पूर्ण होण्याशी याचा काही संबंध नव्हता, हे तिलाही कळत होतं. लालबागेत मला कोणी विचारत नव्हतं. इथे लोक सकाळी सकाळी माझ्यासमोर हात जोडून बसत होते. तुम्ही असता तर सांगितलं असतंत का?

आणि मग ती संध्याकाळ आली.

मी नीलिमाला स्टेशनवरून घेऊन येत होतो. वीज गेलेली. आमची बिल्डिंग समोर दिसतेय, खिडक्यांत मेणबत्त्या लागल्यात, एवढ्यात मागून एक स्कूटर आली आणि आमच्यापुढे आडवी थांबली. हेडलाइट थेट माझ्या तोंडावर. दोन पोरं. त्यातला एक उतरला.

“आंटी, मंगळसूत्र निकालो. चुपचाप.”

नीलिमाने एका हाताने मंगळसूत्र धरलं आणि दुसऱ्या हाताने मला पुढे ढकललं. हाच तो क्षण! मी पाय जुळवले, श्वास घेतला आणि दोन्ही हात सावकाश, अगदी सावकाश वर उचलायला सुरुवात केली. मधूनच सुरू करता येतं का, हे मी मास्तरांना विचारलंच नव्हतं. त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात केली.

“ये क्या कर रहा है?” स्कूटरवरचा म्हणाला.

“पता नहीं यार.” खाली उतरलेला जरा जवळ आला. “अंकल, तबियत ठीक है ना?”

“अहो, जरा लवकर!” नीलिमा मागून कळवळून म्हणाली.

तिला कसं सांगणार, की हिच्यात लवकर नसतं आणि मधे बोलायचं नसतं! मी बगळ्याचे पंख पसरले. पोरगा थक्क होऊन बघत राहिला. मग भानावर येऊन त्याने नीलिमाकडे हात पुढे केला. मी ओळखलं, आता माकड! तळहात पुढे, पाऊल मागे. तळहात पुढे, पाऊल मागे. तिसरं पाऊल मागे टाकलं तिथे रस्ता नव्हता, गटार होतं.

पुढची लढाई मी गटारातून पाहिली. आधी वरून सुगंधाकाकूंचा आवाज आला, “अगं बाई, हरीभाऊ हात हलवतायत!” आणि मग जिन्यावरून जो धडधडाट झाला, तो मिरा रोडच्या इतिहासात झाला नसेल. मेणबत्त्या, टॉर्च, लाटणी, झाडू! पुढे आत्माराम दळवी फक्त बनियनवर, हातात सोसायटीची शिडी. हसुमतीबेन “मारो, मारो!” ओरडत होत्या. आणि काकू खोबरं खवायला बसल्या होत्या, त्या नारळाची वाटी घेऊन तशाच धावल्या होत्या. त्यांनी ती नेम धरून फेकली. पोराच्या कानशिलावर अशी बसली, की तो “मर गया!” करत स्कूटरवर उलटा बसला आणि स्कूटर तशीच पळाली. एक चप्पल तेवढी मागे राहिली.

नीलिमाचं मंगळसूत्र जागच्या जागी होतं. हसुमतीबेननी तिला पोटाशी धरलं होतं. दळवींनी शिडी गटारात सोडली आणि मी तिच्यावरून वर आलो. त्या सगळ्यांचे घामाघूम चेहरे मेणबत्त्यांच्या उजेडात दिसले आणि मला खरंच भरून आलं. लालबाग सोडताना मी आईला म्हणालो होतो, तिथे आपलं कोणी नसणार!

त्या गर्दीतच मी ठरवलं. आता या माणसांना फसवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर सगळे जमले तेव्हा मी हात जोडून म्हणालो, “मंडळी, माझ्या अंगात देवबिव काही येत नाही. तो चिनी व्यायाम आहे.”

कोणी दचकलं नाही. हसुमतीबेन पापड पसरत राहिल्या.

“माहितीय की,” सुगंधाकाकू म्हणाल्या. “नीलिमाने केव्हाच सांगितलं, त्या माकडासकट सगळं.”

“मग नारळ? प्रश्न?”

“नारळ पहिल्या दिवशी आणला, मग सवय पडली. घरी नेऊन चटणीच करते मी. आणि प्रश्नाचं काय हो, वसईवाल्यांना नाही म्हणायचं मी आधीच ठरवलं होतं. पण कोणाला तरी सांगायचं होतं. घरात बोलायला गेलं की दुसऱ्या वाक्याला ‘गप्प बस’. तुम्ही मधे तोडत नाही, सल्ला देत नाही. असा पुरुष अख्ख्या मिरा रोडला दुसरा दाखवा.”

“मग काल धावत कशाला आलात?”

“अहो, सकाळचा व्यायाम संध्याकाळी, ऑफिसच्या कपड्यांत, रस्त्यात कोण करतं?” दळवी म्हणाले. “कळलंच आम्हाला, हरीभाऊ संकटात आहेत. आणि आता ऐका. मी पाळ्या लावल्यात. आजपासून रोज चार जण स्टेशनवर जाणार. वहिनींनी नोकरी सोडायची नाही.”

नीलिमा गच्चीच्या दारात उभी होती, ऑफिसची पर्स खांद्याला.  तिचे डोळे नोकरीच्या पहिल्या दिवशी होते तसे दिसले. पुढे ती त्याच ऑफिसातून सुपरवायझर म्हणून रिटायर झाली, आणि एकही संध्याकाळ ती त्या रस्त्याने एकटी आली नाही. गॅब्रियल मास्तरांना मी सगळी हकिकत सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मागं पाय टाकताना मागं बघायचं, एवढं तुला कलत न्हाय?”

पण ती सकाळ अजून संपली नव्हती. मला त्या माणसांचे आभार मानायचे होते, नीट, मोठ्या शब्दांत. आम्ही या गावात नवे असताना त्यांनी आम्हाला आपलं म्हटलं, हे बोलायचं होतं. मी सुरुवात केली, “तुम्हा सगळ्यांचे उपकार मी या जन्मी...”

“हरीभाऊ, बोलू नका हो मधे!” सुगंधाकाकू पदर सावरून खाली बसत म्हणाल्या. “वसईवाल्यांचा काल पुन्हा फोन आलाय. आज माकडापासूनच सुरू करा!”